विंडोज १० वरून विंडोज ११ कडे जाताना: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतील वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही दोघे-तिघे जण बसून लोकांच्या संगणकाच्या अडचणी समजून घेतो. विंडोज १० ची मुदत संपण्याच्या सुमारास येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. लक्ष्मीपुरीतील दुकानदार, विद्यापीठातील विद्यार्थी, शिरोलीतील कारखानदार, मार्केट यार्डातील गुळाचे अडते आणि निवृत्त शिक्षक अशा सगळ्यांची मूळ तक्रार एकच आहे: संगणक माझा, पण त्यात काय बदलायचे आणि केव्हा बदलायचे हे मला कोणी विचारलेच नाही. ही तक्रार आम्हाला रास्त वाटते. त्यामुळे पुढील उत्तरे लिहिताना निर्णय मालकाच्या हाती कसा राहील, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी पाहिले आहे.

१. विंडोज १० ची मुदत संपली म्हणजे माझा संगणक बंद पडणार का?

नाही. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी माइक्रोसॉफ्टने त्याचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसानंतर सर्वसाधारण संगणकांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. संगणक पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, फायली उघडतात आणि छपाईही होते. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला विषाणूंची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. मात्र एवढ्यावर निर्धास्त होणे बरोबर नाही, कारण डिफेंडर हा दारावरचा राखणदार आहे आणि भिंतीला पडलेले भगदाड बुजवणारा गवंडी आता येणार नाही. कालांतराने ब्राउझरही साथ सोडतात. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर थांबले, हा अनुभव ताजा आहे. तेव्हा घाबरून आजच नवा संगणक घेण्याचे कारण नाही, पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तो वर्षानुवर्षे तसाच ठेवणेही योग्य नाही.

२. माझ्या संगणकावर विंडोज ११ चालेल की नाही, हे दुकानात न जाता कसे ओळखावे?

माइक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' नावाचे मोफत साधन उतरवून घेतल्यास ते सरळ उत्तर देते आणि अडचण नेमकी कोठे आहे हेही दाखवते. किमान अटी अशा: ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४ बिटचा मान्य यादीतील प्रोसेसर, यूईएफआय या नव्या पद्धतीचा बायोस (विंडोजच्या आधी संगणक सुरू करणारी अंतर्गत प्रणाली), 'सिक्युअर बूट' ची (सुरू होताना अनधिकृत प्रोग्राम रोखण्याची) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप.

बहुतेक संगणक अडतात ते प्रोसेसरवर. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखण्यासाठी नावातील आकडा पाहावा: 'आय५-८२५०' मधील पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, तर 'आय५-७२००' ही सातवी. आकडा पाच अंकी असेल आणि १० ने सुरू होत असेल, तर ती दहावी पिढी होय. एएमडीच्या बाबतीत रायझेन २००० मालिकेतील बरेचसे आणि त्यानंतरचे प्रोसेसर चालतात, पण त्या मालिकेत अपवाद आहेत. म्हणून नावावरून अंदाज न बांधता अधिकृत यादी पाहावी.

३. 'टीपीएम नाही' असा संदेश येतो आणि दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतो. ते खरेच गरजेचे आहे का?

बऱ्याच वेळा गरजेचे नसते. २०१८ नंतर घेतलेल्या बहुतेक संगणकांत ही सोय प्रोसेसरच्या आतच असते, मात्र असेंबल केलेल्या संगणकांत ती बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती 'पीटीटी' या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. ती चालू केली की संदेश नाहीसा होतो आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

दुसरी अडचण थोडी नाजूक आहे. कोल्हापुरात असेंबल झालेल्या अनेक संगणकांवर विंडोज १० जुन्या 'लेगसी' पद्धतीने बसवलेले आढळते. अशा संगणकात बायोस सरळ यूईएफआयवर नेला, तर विंडोज सुरूच होत नाही आणि मालकाला वाटते की डिस्क गेली. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीतून नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' हे साधन आहे आणि ते फायली न पुसता काम करते. तरीही आम्ही प्रश्न ६ मध्ये सांगितलेला बॅकअप पूर्ण झाल्याशिवाय या कामाला हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नये.

४. संगणक २०१६ चा आहे, उत्तम चालतो, पण प्रोसेसर यादीत बसत नाही. आता तो टाकून द्यायचा का?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेला आणि सर्वाधिक दुःखाने विचारला गेलेला प्रश्न हा आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेली एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असा संगणक पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांच्या अभ्यासासाठी आजही पुरून उरतो. सुरक्षेचे कारण खरे असले, तरी रेषा इतक्या अलीकडे ओढल्यामुळे सुस्थितीतील यंत्रे भंगाराकडे ढकलली जातात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तीन मार्ग आहेत. पहिला, वाढीव सुरक्षा मुदत घेणे (प्रश्न ५). दुसरा, त्यावर लिनक्स बसवणे: लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत आहे, मराठी दाखवते, मराठी लिहू देते आणि लिब्रेऑफिससह येते. सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही याच कुळातील आहे. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि पीडीएफ एवढेच आहे, त्यांना आम्ही हा मार्ग मनापासून सुचवतो. पण टॅली या हिशेबाच्या किंवा श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामवर ज्यांचे पोट आहे, त्यांना नाही. तिसरा मार्ग म्हणजे त्या संगणकाचे इंटरनेट काढून त्याला फक्त स्थानिक कामाला ठेवणे. चौथा म्हणून सांगितला जाणारा 'जुगाड' मार्ग कसा आहे, ते प्रश्न १६ मध्ये वाचावे.

५. वाढीव सुरक्षा मुदत म्हणजे काय, आणि तिला पैसे पडतात का?

घरगुती वापराच्या विंडोज १० संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाव्यात, अशी नोंदणी माइक्रोसॉफ्टने ठेवली आहे. ती तीन प्रकारे होते: संगणकाच्या सेटिंग्ज माइक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून विनामूल्य, रिवॉर्ड्सचे १००० गुण देऊन, किंवा एकदाच ३० डॉलर अथवा तेवढी स्थानिक रक्कम भरून. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत नोंदणी चालते. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ ही आवृत्ती लागते. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' च्या पानावर दिसतो.

यातून नव्या सोयी मिळत नाहीत, केवळ भगदाडे बुजवली जातात. पण ज्यांना फक्त थोडा वेळ हवा आहे, त्यांच्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

६. अपग्रेडपूर्वी नेमके काय जपून ठेवावे? 'काही जात नाही' असे सगळे सांगतात.

जुन्यावरच नवे बसवले, तर फायली आणि प्रोग्राम साधारणपणे जागेवर राहतात, हे खरे आहे. पण 'अपग्रेड' या नावाखाली दुकानात पुष्कळदा सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला जातो, आणि तेव्हा डेस्कटॉप व डॉक्युमेंट्समधील सर्व काही जाते. म्हणून संगणक देताना 'फॉरमॅट मारणार आहात की वरूनच बसवणार आहात?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत. डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे, कारण बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. याशिवाय विसरल्या जाणाऱ्या गोष्टी अशा: विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधील मराठी फॉन्ट, टॅलीचे डेटा फोल्डर, आउटलुकच्या (ईमेल साठवणाऱ्या) पीएसटी फायली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, आणि श्रीलिपीसारख्या प्रोग्रामची मूळ सीडी व डोंगल (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली). प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी; न उघडून पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतील अनेकांचे संगणक पाण्याखाली गेले. ज्यांनी प्रत वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे ठेवली होती, त्यांचे हिशेब वाचले. अपग्रेडच्या निमित्ताने घेतलेली प्रतही संगणकाशेजारच्या कपाटात न ठेवता दुसऱ्या जागी ठेवावी. काम सुरू करताना यूपीएस किंवा लॅपटॉपची भरलेली बॅटरी हवी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना अर्ध्यावर तुटलेले अपग्रेड निस्तरायला पूर्ण दिवस जातो.

७. विंडोज ११ साठी पैसे द्यावे लागतात का?

अस्सल परवान्याच्या विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणे विनामूल्य आहे. दुकानदार जे घेतो ती त्याच्या श्रमाची मजुरी असते आणि ती घेण्यात गैर नाही. मात्र पावतीवर तसे लिहिलेले असावे, 'विंडोज ११ ची किंमत' असे नव्हे. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून मोफत सक्रिय करण्याची वाट माइक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. तुमचे विंडोज १० मुळात चोरीचे असेल, तर अपग्रेडने ते अस्सल होत नाही.

८. रात्री संगणक चालू राहिला आणि सकाळी विंडोज ११ झालेले होते. जुने परत आणता येईल का?

दहा दिवसांच्या आत येते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'रिकव्हरी' आणि तेथे 'गो बॅक' असा पर्याय असतो. तुमच्या फायली राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्राम काढून टाकले जातात. सी ड्राइव्हवर दिसणारे 'विंडोज.ओल्ड' हे मोठे फोल्डर जागा वाढवण्यासाठी पुसू नये, कारण परतीचा रस्ता त्यातूनच जातो. दहा दिवस उलटले की विंडोज ते स्वतः पुसते आणि मग विंडोज १० पुन्हा मुळापासून बसवावे लागते.

अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून 'विंडोज अपडेट' मध्ये अपडेट काही आठवडे थांबवता येतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते जोडणे 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचे, म्हणून नोंदवावे. 'अपग्रेड तयार आहे' अशी चौकट आली असता घाईत निळे बटण न दाबता खालची बारीक अक्षरे वाचावीत. नकार देण्याचा पर्याय बहुधा तेथे असतो.

९. स्टार्टचे बटण मधोमध गेले आहे आणि उजव्या क्लिकमध्ये नेहमीचे पर्याय दिसत नाहीत.

टास्कबारवर उजवी क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' आणि त्यात 'टास्कबार बिहेवियर्स' येथे मांडणी पुन्हा डावीकडे आणता येते. एकाच प्रोग्रामच्या खिडक्या वेगवेगळ्या दाखवण्याची सोयही तेथेच आहे. शिफ्ट दाबून उजवी क्लिक केल्यास जुनी पूर्ण यादी उघडते.

१०. डेस्कटॉपवरच्या फायलींवर ढगाचे चिन्ह आले आहे, आणि 'जागा संपली, पैसे भरा' असा संदेश येतो.

नवी मांडणी करताना वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला आहे. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर्स माइक्रोसॉफ्टच्या साठवणीशी जोडतो. मोफत जागा ५ जीबी असते, आणि लग्नाचे फोटो असलेला संगणक ती एका दिवसात भरतो. पैसे भरण्याची सक्ती नाही.

येथे क्रम चुकवू नये. प्रथम सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ढगाच्या चिन्हाच्या फायली आधी पूर्ण उतराव्या लागतात, कारण त्या संगणकावर प्रत्यक्ष असतीलच असे नाही. त्यानंतर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून त्या तीन फोल्डर्सचा बॅकअप थांबवावा. वैतागून वनड्राइव्हमधील फायली पुसून टाकणे हा सर्वांत घातक उपाय आहे, कारण तेथे पुसलेले येथेही पुसले जाते. असे झालेच असेल, तर वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये त्या ३० दिवस सापडतात.

११. संगणक सुरू करताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागतो. मी कधीच पासवर्ड लावला नव्हता.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी बसवून माइक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की पात्र संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. बायोस अद्ययावत केला, टीपीएमची सेटिंग बदलली किंवा मदरबोर्ड बदलला, की विंडोज मालकाची खात्री करण्यासाठी किल्ली मागते. ती ज्या खात्याने पहिला प्रवेश झाला, त्या माइक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन 'डिव्हाइसेस' मध्ये ती पाहता येते.

हे आमच्याच घरात घडले. बहिणीचा लॅपटॉप एका दुकानात फॉरमॅट करून आणला होता, आणि खाते हवे म्हणून भाच्याने स्वतःच्या ईमेलने मांडणी पूर्ण केली होती. काही महिन्यांनी बायोसचे अपडेट झाले आणि किल्ली मागितली गेली. बहिणीच्या खात्यात ती नव्हती आणि दुकानदाराने हात वर केले. भाचा तेव्हा पुण्यात वसतिगृहात होता. दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आले आणि त्याच्या खात्यात किल्ली सापडली. त्या लॅपटॉपवर तिच्या वर्गाचे वर्षभराचे निकालपत्रक होते. किल्ली सापडली नसती, तर ते कोणालाच परत आणता आले नसते, कारण ही कुलूपव्यवस्था तशीच बनवलेली आहे.

तेव्हा आजच सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते पाहावे, किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि मांडणी करताना मालकाचेच खाते वापरावे.

१२. जुनी मराठी पत्रे उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झाला का?

मजकूर शाबूत आहे, फॉन्ट गेला आहे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे फॉन्ट किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील डीव्हीबी-टीटी योगेश यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हेच साठवतो आणि फॉन्ट त्यांना देवनागरी चेहरा देतो. चेहरा काढला की आतली चिन्हे उघडी पडतात. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की पत्र जसेच्या तसे दिसते. म्हणूनच प्रश्न ६ मध्ये फॉन्टची प्रत घेण्यास सांगितले आहे.

कोल्हापुरात पत्रिका, हँडबिले आणि स्मरणिका छापणाऱ्या प्रेसमध्ये अजून पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्रामवर काम चालते. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे आणि विंडोज ११ साठी ती कधी बनवलीच गेली नाही. कोठे ती चालते, कोठे छपाईच्या वेळी अडते. म्हणून प्रेसवाल्यांना आमचा आग्रह आहे की जुना संगणक पेजमेकरसाठी इंटरनेटशिवाय तसाच ठेवावा, चालू कामांच्या पीडीएफ काढून ठेवाव्यात आणि नवे काम युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या मजकुरात, सुरू करावे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत; पण रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' ही मराठीची खास रूपे त्यांत हमखास चुकतात, त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळता येत नाही.

याच प्रश्नाची एक उलटी बाजूही आहे. पत्र युनिकोडमध्ये असूनही मंगल किंवा कोकिळा फॉन्टमधील मांडणी बिघडली, तर तो फॉन्ट बसलेला नसतो. सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स' मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतल्यास मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट विनामूल्य परत येतात. निर्मला हा फॉन्ट मुळातच असतो.

मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्टसोबतच 'मराठी फोनेटिक' हा कळफलकही विंडोजमध्ये आहे. भाषांच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की तो निवडता येतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट आणि 'जे' दाबल्यास 'ऱ' मिळतो, आणि त्याचा पाय मोडून 'ऱ्या' लिहिता येते.

१३. अडत दुकानातील जुना प्रिंटर आणि डॉसमधील (विंडोजच्या आधीच्या प्रणालीतील) हिशेबाचा प्रोग्राम दोन्ही बंद पडले. आता सौदे सुरू आहेत.

विंडोज १० चे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन प्रकार होते; विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. ३२ बिट विंडोजसाठी घेतलेला प्रिंटरचा ड्रायव्हर त्यावर चालत नाही, त्यामुळे प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ६४ बिटचा ड्रायव्हर शोधावा लागतो. लोकप्रिय जुन्या लेझर प्रिंटरना तो बहुधा मिळतो. डॉट मॅट्रिक्सचा जुना रुंद पोर्ट नव्या मदरबोर्डवर नसतो, तेव्हा कार्ड किंवा केबल पाहावी लागते.

डॉसमधील प्रोग्रामची गोष्ट वेगळी आहे. फॉक्सप्रोवर बनवलेले अडतीचे, पतसंस्थेचे आणि दूध संस्थेचे जे जुने हिशेब आहेत, ते १६ बिटचे असल्याने ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत, आणि कोणतीही सेटिंग बदलून ते सुरू होणार नाहीत. डॉसबॉक्ससारख्या साधनात ते चालवता येतात, मात्र छपाई आणि एकाच वेळी दोन संगणकांवरचे काम यांत अडचणी येतात. डीबीएफ फायलींतील आकडे एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडता येतात, त्यामुळे मागील नोंदी सहसा बुडत नाहीत.

विंडोज १० ची मुदत संपली तेव्हा दिवाळीचा पाडवा जेमतेम आठवड्यावर होता, म्हणजे गुळाचा हंगाम उघडण्याच्या तोंडावर दुकानांत ही धावपळ झाली. ज्यांना अजून बदल करायचा आहे, त्यांनी हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात करावा आणि निदान महिनाभर दोन्ही संगणक शेजारी शेजारी चालवावेत.

१४. टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे काय होते?

टॅलीचा परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो. फॉरमॅट मारणार असाल, तर टॅलीमधूनच आधी परवाना 'सरेंडर' करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. वरूनच अपग्रेड करताना सहसा गरज पडत नाही, पण परवान्याचा क्रमांक आणि नोंदलेला ईमेल हाताशी असू द्यावा.

डिजिटल सही ही यूएसबी टोकनच्या आत असते, संगणकात नाही. त्यामुळे ती अपग्रेडने जात नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि ईएमसाइनर हे संकेतस्थळांवर सही करण्याचे साधन मात्र पुन्हा बसवावे लागू शकते. टोकन ओळखले जात नाही म्हणून 'इनिशियलाइज' हे बटण कधीही दाबू नये. त्याने सही पुसली जाते आणि नवी विकत घ्यावी लागते. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २० असते, तेव्हा अपग्रेडसाठी २० तारखेनंतरचा आठवडा निवडावा.

१५. अपग्रेडनंतर संगणक फार मंद झाला आहे.

पहिले एक-दोन दिवस विंडोज मागे शोधसूची तयार करत असते आणि अपडेट उतरवत असते, तेवढा वेळ द्यावा. त्यानंतरही मंदपणा असेल आणि संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल, तर कारण तेच आहे. ४ जीबी रॅमची किमान अट कागदावर पुरी होते, पण रोजच्या कामाला ८ जीबी आणि एसएसडी हवीच. नवा संगणक घेण्याआधी हा खर्च करून पाहावा.

१६. माझा संगणक यादीत बसत नसताना दुकानदाराने विंडोज ११ बसवून दिले. चालते आहे, मग हरकत काय?

तपासणी टाळून विंडोज ११ बसवण्याच्या वाटा आहेत आणि बऱ्याच संगणकांवर ते ठीक चालते. पण अशा संगणकांना अपडेट मिळण्याची हमी माइक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा हाताने बसवावी लागते. प्रत्येक आवृत्तीची मुदत घरगुती संगणकांसाठी दोन वर्षांची असते: २३एच२ ची ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. म्हणजे लक्ष न दिल्यास तुम्ही 'विंडोज ११' असूनही पुन्हा प्रश्न १ मधील स्थितीत येता. फार जुन्या, कोअर २ ड्युओच्या काळातील संगणकांवर तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्याला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

ज्याला हे सारे सांभाळता येते त्याने स्वतःच्या संगणकावर तसे करावे. ग्राहकाला न सांगता ते करून देणे मात्र आम्हाला अप्रामाणिक वाटते.

१७. शिरोलीच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या) मशीनला जोडलेला संगणक आहे. त्याचे अपग्रेड करावे का?

मशीन बनवणाऱ्याने लेखी संमती दिल्याशिवाय करू नये. असा संगणक ठरावीक ड्रायव्हर आणि सिरियल पोर्टवर चालतो, आणि तो थांबला तर पाळी थांबते. त्याऐवजी त्याचे इंटरनेट काढावे, कार्यालयाच्या नेटवर्कपासून तो वेगळा करावा, प्रोग्राम नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठेवावा आणि तो दरवेळी अद्ययावत संगणकावर तपासावा. पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवल्यास डिस्क गेल्यावर तासाभरात काम सुरू होते. कार्यालयातील, डोमेनला जोडलेल्या संगणकांना प्रश्न ५ मधील घरगुती नोंदणी लागू होत नाही. संस्थांसाठी वेगळी, तीन वर्षांपर्यंतची सशुल्क योजना आहे. तिचा दर पहिल्या वर्षी दर संगणकाला ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो.

१८. ऑफिस २०१६ चालू राहील का? आणि वर्डपॅड कोठे गेले?

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. ते विंडोज ११ वर उघडते, पण अनोळखी ईमेलमधून आलेल्या फायली त्यात उघडू नयेत. वर्डपॅड २४एच२ मधून काढून टाकले आहे. त्यातील आरटीएफ फायली वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

१९. 'विंडोज ११ चालेल' असे सांगून विकलेल्या संगणकावर ते अधिकृतपणे चालत नाही, किंवा दुरुस्तीत माझा डेटा गेला. तक्रार कोठे करावी?

प्रथम विक्रेत्याला लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही जपून ठेवावा. उत्तर न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. विक्रेता पुण्याचा किंवा ऑनलाइन असला, तरी तुम्ही राहता तेथील आयोगाकडे तक्रार चालते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वकील नेमणे बंधनकारक नाही.

दोन मर्यादा आधीच समजून घ्याव्यात. हा कायदा मोबदला देऊन घेतलेल्या वस्तू आणि सेवेला लागू होतो. त्यामुळे स्वतः घरी केलेल्या विनामूल्य अपग्रेडबद्दल दाद मागणे अवघड आहे, तर पैसे घेऊन तेच काम करणाऱ्याविरुद्ध सोपे. दुसरे, व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा ठरतो. डीटीपी करून घर चालवणाऱ्या एकट्या व्यक्तीला म्हणूनच हा दरवाजा उघडा आहे.

या सगळ्याचा आधार पावती हा आहे. 'बिल नको, कमी करून देतो' हे मान्य केलेल्या तिघांना आम्ही गेल्या काही महिन्यांत परत पाठवले, आणि तेव्हा फार वाईट वाटले.

२०. जुना संगणक विकायचा किंवा भंगारात द्यायचा आहे. काय काळजी घ्यावी?

फायली डिलीट केल्याने त्या पुसल्या जात नाहीत. सेटिंग्जमधील 'रिसेट' करताना 'सर्व काढून टाका' आणि त्यापुढे 'ड्राइव्ह स्वच्छ करा' हे दोन्ही निवडावेत. संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घ्यावी. टॅलीचा परवाना आधी सरेंडर करावा (प्रश्न १४) आणि माइक्रोसॉफ्ट खात्यातून ते यंत्र वजा करावे, पण त्याआधी किल्ली लिहून घ्यायला विसरू नये (प्रश्न ११). ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावर न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे (रिसायकलरकडे) द्यावा. आणि तो चालू स्थितीत असेल, तर लिनक्स बसवून एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला विचारून पाहावे. आमच्या वाचनालयातील दोन संगणक असेच आलेले आहेत आणि मुले त्यांवर रोज मराठी टंकलेखन शिकतात.